नर्सरीचे कपडे घेताय? आधी बघा, लेकराला ते स्वतः काढता येतात का

कुरुळी (ता. खेड) : जून तोंडावर आला की पुणे-नाशिक महामार्गालगतच्या गावांत शाळेच्या खरेदीची गडबड सुरू होते. कुरुळी, निघोजे, चिंबळी, मोई या पट्ट्यात कंपनीत कामाला असलेली कितीतरी कुटुंबं भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीभाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, किराणा आणि त्यातच तीन वर्षांच्या लेकराचा पहिला प्रवेश. फी भरून झाली की राहतात कपडे. पहिल्यांदाच शाळेत चाललंय म्हणून हौसेनं जीन्स, पट्ट्याची पँट, मागून चेन असलेला घेरदार फ्रॉक घेतला जातो.

खरी अडचण पहिल्या आठवड्यात कळते. लेकरू बाईंना सांगतं, "शू आली." बाथरूमपर्यंत जातंही. पण पँटचं बटण निघत नाही, पट्टा सुटत नाही. कपडे ओले होतात आणि बाकीची पोरं हसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रडारड : "मला नाही जायचं शाळेत." घरच्यांना वाटतं, पोराला शाळा आवडत नाही. कारण मात्र कधीकधी कमरेच्या बटणात असतं.

म्हणून नर्सरी किंवा अंगणवाडीचे कपडे घेताना रंग, चित्र, ब्रँड याआधी एकच गोष्ट बघायची. मोठ्यांच्या मदतीशिवाय मुलाला तो कपडा खाली करता येतो का, आणि पुन्हा वर चढवता येतो का? येत असेल तर घ्या. नसेल तर तो कपडा लग्नकार्यासाठी ठीक, शाळेसाठी नाही.

कमरेपासून सुरुवात करा

खाली घालायला पूर्ण इलास्टिकची चड्डी, पँट किंवा लेगिन्स सगळ्यात सोयीची. इलास्टिक रुंद पट्टीचं असावं. बारीक दोरीसारखं इलास्टिक कमरेला रुततं. पोराच्या कमरेला करदोटा असेल तर त्यावर घट्ट इलास्टिक घासून लाल वळ उठतो. घालून झाल्यावर इलास्टिकच्या आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. इलास्टिक नेफ्यातून ओवलेलं असेल तर आणखी चांगलं, कारण सैल झाल्यावर चार-पाच मिनिटांत बदलता येतं.

डांगरी, खांद्यावरच्या पट्ट्यांची पँट, नाडीची पँट, पुढे हूक आणि चेन असलेली जीन्स टाळा. मुलीसाठी फ्रॉक घ्यायचाच असेल तर गुडघ्यापर्यंतचा, कमी घेराचा घ्या आणि आत इलास्टिकची चड्डी घाला. जमिनीला टेकणारा फ्रॉक बाथरूममध्ये भिजतो आणि जिन्यात पायात येतो.

वर टी-शर्ट घेताना गळा बघा. या वयात पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. गळा ताणला जात नसेल तर शर्ट डोक्यात अडकतो आणि पोर घाबरतं. खांद्यावर दोन टिचबटणं असतील किंवा गळ्याचं कापड चांगलं ताणलं जात असेल तर अडचण येत नाही. शर्टच घ्यायचा असेल तर पुढून उघडणारा, मोठ्या बटणांचा घ्या.

किती जोड लागतात? पावसाळ्याचा हिशोब वेगळा

शाळा सुरू होते जूनमध्ये, आणि आपल्याकडे तेव्हाच पाऊस लागतो. उन्हाळ्यात सकाळी वाळत घातलेला कपडा दुपारी घडी घालता येतो. पावसाळ्यात खोलीच्या गॅलरीत दोरीवर टाकलेली चड्डी दोन-दोन दिवस दमट राहते. हिशोब असा करा : एक जोड अंगावर, एक दप्तरात, दोन दोरीवर आणि एक कपाटात कोरडा. असे पाच जोड झाले की पावसाळा निभतो. आतल्या चड्ड्या मात्र सात-आठ लागतात, कारण सुरुवातीला दिवसातून दोनदाही बदलाव्या लागतात.

पाचही जोड नवे घ्यायची गरज नाही. घरात असलेले दोन-तीन साधे टी-शर्ट आणि चड्ड्या मोजा, मग कमी पडतील तेवढेच घ्या. एकदम सगळी खरेदी करू नका. आधी दोन जोड घ्या, एक आठवडा शाळेत घालून बघा. जे सोयीचं वाटलं, तसेच आणखी आणा.

किंमत बघताना एक साधं गणित करा. समजा 900 रुपयांचा फ्रॉक वर्षात चार वेळा घातला, तर एका वेळेला 225 रुपये पडले. 180 रुपयांची सुती चड्डी वर्षात साठ वेळा घातली, तर एका वेळेला 3 रुपये. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौस सणाला करा. शाळेच्या कपड्यावर रंग, माती, वरण-भात सांडणारच आहे. "कपडे खराब करू नको हं" असं रोज ऐकणारं पोर मातीत हात घालायलाच भितं.

माप वयावर नको, अंगावर घ्या

"तीन वर्षांच्या मुलाचं द्या" असं सांगून कपडा घेऊ नका. एका दुकानातला 22 नंबर आणि दुसऱ्या दुकानातला 22 नंबर सारखे निघतीलच असं नाही. मूल सोबत नसेल तर त्याला नीट बसणारा जुना शर्ट आणि चड्डी पिशवीत घेऊन जा आणि नव्या कपड्यावर ठेवून मापून बघा.

"दोन वर्षं चालेल" म्हणून दोन नंबर मोठं घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे 96 सेंटिमीटर आणि मुलीची 95 सेंटिमीटर आहे. चौथ्या वर्षी ती साधारण 103 सेंटिमीटर होते. म्हणजे वर्षाला सात-आठ सेंटिमीटर वाढ, आणि त्यातला मोठा वाटा पायांचा. छाती आणि खांदे त्या मानानं फार कमी वाढतात. त्यामुळे दोन नंबर मोठा शर्ट खांद्यावरून घसरतो, पँट पायात येऊन पोर पडतं आणि मापाला येईपर्यंत कपडा विटलेला असतो.

एक नंबर मोठं पुरेसं आहे. पँटच्या पायाशी आत दीड-दोन इंच दुमड असेल तर ती उसवून लांबी वाढवता येते. शिवणीत शिंप्यांच्या भाषेत 'माया' किती सोडली आहे, हे कपडा उलटा करून बघा. शिवणीच्या कडेला अर्धा इंच तरी कापड असेल तर पुढच्या वर्षी गावातला शिंपी तोच कपडा सैल करून देईल. अगदी कडेला टीप मारलेला कपडा दोन धुण्यांतच उसवतो.

कापड कसं ओळखायचं?

रोजच्या वापराला सुती किंवा होजिअरीचं कापड बरं. घाम शोषतं आणि अंगाला टोचत नाही. आपल्या बाजारात येणारा होजिअरीचा बराच माल तमिळनाडूतल्या तिरुपूरचा असतो. गणवेश शिवण्याचं मोठं केंद्र आपल्याच राज्यात, सोलापुरात आहे. शंभर टक्के पॉलिस्टर लवकर वाळतं, पण घामोळं येणाऱ्या पोराला त्रास देतं. सुती आणि पॉलिस्टरचं मिश्रण पावसाळ्यात मधला मार्ग ठरतं. जाड डेनिम मात्र पावसाळ्यात नकोच, कारण त्याच्या कमरेची आणि खिशाची शिवण वाळता वाळत नाही.

दुकानातच तीन गोष्टी तपासा. कापड उजेडापुढे धरा, आरपार दिसत असेल तर ते टिकणार नाही. ओला पांढरा रुमाल गडद कापडावर घासा, रुमालाला रंग लागला तर बाकीचे कपडेही रंगतील. आणि आतली बाजू हातानं चाचपा. खडबडीत लेबल, टोचणारी जर किंवा उघडी शिवण असेल तर पोर दिवसभर खाजवत बसतं.

हे धोके विसरू नका

गळ्याशी किंवा टोपीला लोंबणारी दोरी असलेला कपडा घेऊ नका. घसरगुंडीवर किंवा व्हॅनच्या दारात ती दोरी अडकली तर गळ्याला फास बसू शकतो. घरात असा कपडा असेल तर दोरी आजच ओढून काढा. टिकल्या, मणी, सैल बटणं तोंडात जातात, म्हणून प्रत्येक बटण ओढून बघा. रुमाल छातीवर सेफ्टी पिननं लावायची जुनी सवय आहे. पिन उघडली तर टोचते, त्यापेक्षा खिसा शिवून घ्या किंवा रुमालाचा बंद बटणाला अडकवा.

रेनकोट पिवळा, केशरी अशा भडक रंगाचा घ्या. सेवा रस्त्यावर कंटेनर आणि कंपनीच्या बस सतत धावतात. पावसाच्या धुरकट उजेडात काळ्या-निळ्या रेनकोटमधलं एवढंसं पोर चालकाला दिसत नाही. पायात नाडीच्या बुटांपेक्षा चिकटपट्टीचे सँडल बरे. पोराला स्वतः घालता येतात आणि ओले झाले तरी पुसून चालतात.

भावंडांचे कपडे चालतात

आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं आणि दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं शिवायची रीत आहे. कारण साधं होतं. अनेकदा धुतलेलं सुती कापड मऊ असतं. शाळेच्या कपड्यांनाही हेच लागू पडतं. मोठ्या भावाबहिणीचे, शेजारच्यांचे कपडे घेण्यात कमीपणा नाही. गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, इलास्टिक आणि बटणं नवी लावा. बोहारणीला भांड्याच्या बदल्यात देण्याआधी चाळीत विचारा, कुणाच्या तरी लेकराला ते मापाचे निघतील.

गणवेश, बिल आणि तुमचा हक्क

गणवेश आहे का, हे शाळेला आधी विचारा. असेल तर आठवड्यातले किती दिवस, तेही विचारा. विशिष्ट दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळांनी करू नये, असं शिक्षण विभागानं वेळोवेळी बजावलं आहे. गावातल्या अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळतं आणि त्याला फी नाही. तिथं जाणाऱ्या मुलाला घरचे स्वच्छ कपडे पुरतात.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर 5 टक्के जीएसटी आहे. हजार रुपयांच्या आतल्या कपड्यांवर तो आधीही 5 टक्केच होता. त्यामुळे लहान मुलांच्या साध्या कपड्यांवर "जीएसटी उतरला म्हणून सूट" असं कुणी सांगत असेल तर भाव दुसऱ्या दुकानातही विचारा.

बिल मागाच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत तो परत घ्यायला दुकानदार नकार देऊ शकत नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अशा वेळी चालत नाही. माप चुकणं हा मात्र मालातला दोष नव्हे. म्हणून लहान-मोठं झालं तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी ठरवून घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करता येतो.

ॲपवरून मागवताना वय बघू नका, सेंटिमीटरमधलं माप बघा. कपडा परत करता येतो का ते वाचा आणि पाकीट उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

शाळेआधी दहा दिवस घरीच सराव

कपडे आणून थेट पहिल्या दिवशी घालू नका. एकदा धुवा, मग घरी रोज घालायला द्या. पँट खाली करणं, वर ओढणं, सँडलची पट्टी लावणं हे पोराला स्वतः करू द्या. वेळ लागेल, उलटसुलट होईल, पण मध्ये हात घालू नका.

हे शिक्षणच आहे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत बटणं, हूक, नाड्या लावायच्या लाकडी चौकटी मुलांना मुद्दाम हाताळायला देतात. त्याच पद्धतीचा आधार घेऊन ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे बालशिक्षणाचं काम केलं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीत गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. अंगणवाडीची कल्पना त्याच कामातून पुढे आली. आपल्याला चौकट विकत आणायची गरज नाही. बाबांचा जुना शर्ट उशीला घाला आणि पोराला बटणं लावायला बसवा.

दप्तरात रोज हे ठेवा

• एक पूर्ण जोड आणि दोन आतल्या चड्ड्या, प्लास्टिकच्या पिशवीत
• ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी
• छोटा टॉवेल किंवा पंचाचा तुकडा
• प्रत्येक कपड्यावर आतून दोऱ्यानं घातलेलं नाव. पेननं लिहिलेलं धुण्यात निघून जातं

आणि शाळेतून ओली पिशवी घरी आली तर पोराला रागावू नका. पिशवी रिकामी करा, कपडे धुवायला टाका आणि दुसरा कोरडा जोड दप्तरात भरा.