मानेला मार, मेंदूला धोका

२५ नोव्हेंबर २०१४. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर शेफिल्ड शील्डच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज ६३ धावांवर खेळत होता. उसळता चेंडू हुक करायला तो वळला, बॅट आधीच फिरून गेली आणि चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या डाव्या बाजूला आदळला. काही क्षणांत तो कोसळला. तातडीने शस्त्रक्रिया होऊनही दोन दिवसांनी त्याचे निधन झाले. सव्विसावा वाढदिवस अवघ्या तीन दिवसांवर होता.

फाटली होती ती व्हर्टिब्रल धमनी. अशा दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवतात. शरीराचा तोल आणि श्वास सांभाळणारी केंद्रे तिथेच असतात. ह्यूजच्या मेंदूभोवती रक्तस्राव झाला. हा प्रकार अतिशय दुर्मीळ, आणि त्यात उपचारांना उसंत जवळपास मिळतच नाही.

जास्त आढळते ती इजा छुपी असते.

कुस्ती, जूडो किंवा रग्बीत मान जोरात पिरगळली, की कधी कधी धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते. रक्त भिंतीच्या थरांत शिरते, वाट अरुंद होते, गुठळी धरते. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत अडकला, की पक्षाघात. मधल्या काळात काही तास, कधी काही दिवस जातात. खेळाडूला वाचवायचे असेल तर हाच अवधी हाताशी असतो. पण मान आखडली असे समजून मालिश करण्यात तो निघून जातो. मारानंतर एका बाजूला तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणे, जीभ अडखळणे, एक पापणी उतरणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच रुग्णालय गाठावे. मान मोडून घेणे तर कटाक्षाने टाळावे.

साध्या एक्स-रेत हाडे दिसतात, धमनीतली चीर नाही. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी लागते. एमआरआयमध्ये भिंतीत साठलेले रक्त चंद्रकोरीच्या आकारात उठून दिसते.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. मेंदूत रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिनसारखी किंवा रक्त पातळ करणारी औषधे किमान तीन महिने देतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅडिस चाचणीत दोन्ही प्रकारच्या औषधांत ठळक फरक आढळला नाही; २५० रुग्णांपैकी तीन महिन्यांत चौघांनाच पुन्हा पक्षाघात झाला. औषधांनी भागले नाही, तरच स्टेंटचा विचार होतो.

धमनी भरून आली का, हे पुन्हा स्कॅन करून पाहतात. तोवर झोंबाझोंबीचे खेळ बंद.