शंभरावं पदक मुलींच्या कबड्डीचं

मालाडचं मैदान असो की गावची शाळा, कबड्डी आपल्याला नवी नाही. सात जणी, आखलेली माती आणि दम, एवढंच लागतं. याच खेळाने आपल्या मुलींना आशियाई स्पर्धेत कुठवर नेलं, ते आज ऐकूया.

ही स्पर्धा चार वर्षांनी भरते. तिथे पुरुषांची कबड्डी १९९० साली आली. बायकांना आणखी २० वर्षं थांबावं लागलं. २०१० साली चीनमधल्या ग्वांगझूला संधी मिळाली आणि आपल्या मुलींनी पहिलंच सुवर्णपदक आणलं. २०१४ साली इराणला ३१-२१ असं हरवून ते राखलं. त्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती.

२०१८ साली मात्र इराणने २७-२४ अशी मात केली. सुवर्ण गेलं.

पुढची स्पर्धा कोरोनामुळे वर्षभर लांबली. ७ ऑक्टोबर २०२३ला चीनच्या हांगझोऊमध्ये अंतिम सामना तैवानशी झाला. गटातला सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला होता. या वेळी आपण २६-२५ असे जिंकलो. एका गुणाने सुवर्ण परत आलं, आणि भारताचं त्या स्पर्धेतलं ते १००वं पदक ठरलं!

एक गुण म्हणजे ३० सेकंदांची एक चढाई. ती रोजच्या सरावाने जमते. पण पाणी भरायला, भावंडं सांभाळायला दर संध्याकाळी मुलीलाच हाक मारली, तर सराव कधी व्हायचा? गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवूया: खेळणाऱ्या मुलीचं तासाभराचं काम घरातल्या इतरांनी वाटून घ्यायचं. तिच्या भावानेसुद्धा!