कारखाना बंद, बाटली चालू

नारायणगावची शातो इंडाज ही वाइन कंपनी 2010च्या आसपास कर्जात बुडाली. तिथल्या ‘ओमर खय्याम’ या वाइनची न उघडलेली बाटली एखाद्या जुन्या शौकिनाच्या कपाटात निघालीच, तर तिच्यातलं रसायन मात्र अजून थांबलेलं नसेल.

शातो इंडाजच्या शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रान्सच्या पिपर-हाइडसिक या शॅम्पेनवाल्यांचं तंत्र घेऊन ही फेसाळ वाइन काढली आणि थेट परदेशी विकली. तसं दख्खनला द्राक्षाचं कौतुक जुनंच. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूतानं आपल्या दौलताबादची द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं लिहून ठेवलंय. आजचा बागायतदार छाटणी दोनदा करतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. पीक मात्र एकदाच घेतो.

खरी गंमत बाटलीच्या आत. तयार वाइनमध्ये लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून तोंड बंद करायचं. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, वायूला बाहेर पडायला वाट नाही. दाब चढत चढत सहा बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास तिप्पट! म्हणून काच जाड आणि बुचावर तारेची जाळी. साखर संपली की यीस्ट मरतं, आणि मेल्यावर त्याचं मोठं काम सुरू होतं. पेशी विरघळतात, वाइनला भाजलेल्या पावाचा वास चढतो. पुढे बाटलीची मान गोठवून गाळ उडवतात आणि कायमचं बूच ठोकतात.

त्यानंतर सगळा कारभार तापमानाच्या हाती. बुचातून वायू कणाकणानं निसटतो, फिकट रंग सोनेरी होत जातो, फळाची चव मागे पडून मध-अक्रोडाची पुढे येते. 12 अंशांच्या तळघरात हे सावकाश चालतं. संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीखालच्या खोलीत ठेवलेली बाटली थोड्याच उन्हाळ्यांत म्हातारी होते.

अशी बाटली मिळालीच, तर आदल्या दिवशी उभी ठेवून गार करा. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. मोठ्या आवाजाची आशा नको. उंच अरुंद ग्लासापेक्षा फुगीर पोटाचा ग्लास घ्या, कारण बुडबुडे थोडे आणि वास भरपूर. व्हिनेगरसारखी आंबली असेल तर सरळ मोरीत ओता. चांगली निघाली तर त्याच संध्याकाळी संपवा. एवढ्या जुन्या वाइनला एकदा हवा लागली की ती सकाळपर्यंत टिकत नाही.