प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ घडतो कुठे?

2025च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले आणि बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. आधी बोट पाण्याकडे दाखवले गेले. पाणी तपासले, तर त्यात नायट्रेट जास्त निघाले, पण तेवढ्याने कोडे सुटले नाही. मग रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पथक आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत बाधितांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आणि झिंक घटलेले दिसले, आणि संशयाची सुई रेशनच्या गव्हाकडे वळली. या साऱ्या घडामोडीत बातम्यांमध्ये कुठेच न दिसलेला माणूस म्हणजे प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. त्याच जिल्ह्यात पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा आहे. तिथल्या खाऱ्या पाण्यामुळे आणि मूत्रपिंडाच्या आजारांमुळे पाण्याची आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची तपासणी हा रोजचा विषय झाला आहे. पैनगंगेकाठच्या देऊळघाट गावातून दहावी-बारावी होऊन रोज बुलढाण्याकडे जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे काम म्हणूनच दूरच्या शहराचे नाही. प्रश्न आहे तो ते शिकायचे कुठे याचा. माझे म्हणणे असे की त्याचा मुख्य रस्ता शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हाच मानला पाहिजे. मात्र ती नोंदलेल्या करारावरची हवी, नुसती ‘शिकायला येत जा’ अशी तोंडी नको.

कारण हे काम डोक्याइतकेच हाताचे आहे. साखर तपासायचे रक्त राखाडी टोपणाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत घ्यायचे, हे पुस्तकात एका ओळीत येते. पण साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. नमुना तासन्तास टेबलावर पडला, तर मधुमेही माणसाचा आकडा खोटा खाली येतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतले ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन दुसऱ्या नळीत थोडे जरी गेले, तरी पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. सुई ओढताना घाई झाली, पेशी फुटल्या, की पोटॅशियम पुन्हा वर जाते आणि धडधाकट माणसाच्या घरात घबराट उडते. प्रयोगशाळेतल्या बहुतांश चुका यंत्राच्या आत होत नाहीत. नमुना घेताना, नाव लिहिताना, नेताना आणि साठवताना त्या होतात, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. या चुका टाळायची सवय शेकडो नमुने हाताखालून गेल्यावरच लागते, आणि तेही चूक तिथल्या तिथे दाखवणारे जाणते माणूस शेजारी असेल तर. कारखान्याच्या प्रयोगशाळेतही तेच. आम्लाचे प्रमाण मोजताना फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग कितपत फिका असताना ब्युरेटची तोटी बंद करायची, हे फळ्यावर दाखवता येत नाही. वर्गातल्या शिक्षणाची गरज नाही असे मी म्हणत नाही. ते अपुरे राहते, एवढेच म्हणतो.

कायद्याने ही सोय केव्हाच केली आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961चा. 2019च्या सुधारित नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन आहे. चार ते 29 माणसे असतील, तर ते ऐच्छिक आहे. याच नियमांत किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णाला महिना 6,000, आयटीआयवाल्याला 7,000, पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये असे धरले होते. आयटीआयमध्ये ‘लॅबोरेटरी असिस्टंट (केमिकल प्लांट)’ हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी झालेल्याला तो घेता येतो, आणि त्यानंतरच्या उमेदवारीच्या काळात सूटही मिळते. शेवटी अखिल भारतीय चाचणी आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. अशा उमेदवारीसाठी दारे जिल्ह्यातच ठोठावता येतील: खामगावला हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे, मलकापूरजवळ दसरखेडची औद्योगिक वसाहत आहे, तेलगिरण्या आहेत. कच्चा माल आत घेताना आणि पक्का माल बाहेर पाठवताना तपासणी कोणालाही चुकत नाही.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा रस्ता मात्र वेगळा आहे, आणि इथेच मुले फसतात. नुसती उमेदवारी करून तिथे तंत्रज्ञ होता येत नाही. डीएमएलटी ही पदविका, बीपीएमटी ही पदवी यांसारखे मान्यताप्राप्त शिक्षण लागते. या क्षेत्राच्या नियमनासाठी महाराष्ट्राचा परावैद्यक परिषदेचा कायदा 2011चा आहे, केंद्राचा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा 2021चा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017मध्ये स्पष्ट केले की तपासणी अहवालावर सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तेव्हा ‘सहा महिने आमच्याकडे बस, मग स्वतःची लॅब टाक’ असे कोणी म्हणत असेल, तर ते आश्वासन कायद्यापुढे टिकत नाही. पदविका घेऊन मग पदविकाधारक म्हणून उमेदवारी करणे, हा क्रम वेळ खातो, पण तोच खरा आहे.

आक्षेप खरे आहेत आणि ते झटकून टाकू नयेत. पहिला, नोकरीची हमी नाही. नाहीच. उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन कायदा मालकावर घालत नाही. 2014च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने त्यासाठी स्वतःचे धोरण ठरवावे, इतकेच म्हटले. पण पदविकेचीही नोकरी कोणी लिहून देत नाही, आणि तिथे शुल्क घरच्यांना भरावे लागते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. देऊळघाटच्या मुलाला छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन राहायचे असेल, तर सात हजारांत भाडे आणि जेवण भागवताना त्याची दमछाक होते. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. उत्तर आहे ते जागा जवळ निर्माण करण्यात. तिसरा, उमेदवार म्हणजे स्वस्तातला कामगार. कायदा त्याला कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानतो, म्हणून ही भीती रास्त आहे. पण उपायही त्याच कायद्यात आहे. नोंदलेल्या कराराला मुदत असते, ठरलेला अभ्यासक्रम असतो, आणि वाद झाला तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जाता येते. पगाराविना बाटल्या धुणाऱ्या ‘हेल्पर’ मुलाला यातले काहीच नसते. आणि यंत्रे सगळे काम करतील, या भीतीत फारसा अर्थ नाही. स्वयंचलित यंत्र चुकीच्या नळीतले रक्तही तितक्याच वेगाने तपासते आणि चुकीचा आकडा नीटनेटका छापून देते.

9 ऑक्टोबर 2024 रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचे एक होते. देऊळघाटापासून ते फार दूर नाही. महाविद्यालयाबरोबर प्रयोगशाळा वाढणार, नमुने वाढणार, माणसे लागणार. भूजल खात्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा, माती तपासणी प्रयोगशाळा, मोठी खासगी रुग्णालये, या सर्वांनी पदविकाधारक आणि आयटीआय झालेल्या स्थानिक मुलांसाठी उमेदवारीच्या जागा दरवर्षी उघडपणे जाहीर केल्या, तर विद्यावेतन खोलीभाड्यात जाणार नाही आणि जिल्ह्याला स्वतःचे तंत्रज्ञ मिळतील. लोकप्रतिनिधींकडे सभामंडपासोबत हेही मागायला हवे.

पालकांनी तोवर एवढे करावे. मुलाला कोणत्याही प्रयोगशाळेत ‘शिकायला’ बसवण्याआधी अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी झाली आहे का ते पाहावे, कराराची प्रत मागावी, आणि अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे हे लेखी विचारावे. प्रत द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर मुलाला तिथे पाठवू नये.