अडकलेल्या पुंगळीचा धडा

चाप ओढला की गोळी सुटते, एवढेच सामान्य माणसाला ठाऊक असते. मात्र मागे उरलेली पितळी पुंगळी बाहेर पडली नाही, तर पुढची गोळी झाडताच येत नाही. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ साली अमेरिकी जवानांनी याची जबर किंमत मोजली. नव्या एम-१६ रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. नळीच्या तोंडातून सळई घालून पुंगळी मागे ढकलण्याची वेळ जवानांवर आली. काहींचे मृतदेह अशा अडकलेल्या रायफलीशेजारी सापडले.

काडतूस ज्या कप्प्यात बसते, त्याला चेंबर म्हणतात. दारू पेटताच पुंगळी प्रचंड दाबाने फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे येत नाही. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते व बोल्टवरील आकडा पुंगळीची कड धरून तिला बाहेर खेचतो. भिंत खडबडीत असेल, तर फुगलेले पितळ खाचांत रुतून बसते. आकडा मग पुंगळी न काढता तिची कडच फाडतो.

एम-१६च्या बाबतीत नेमके हेच घडले. आधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला क्रोमियमचा मुलामा होता. एम-१६ला तो नव्हता. दमट हवेत चेंबर गंजून त्यात बारीक खड्डे पडत. त्यातच काडतुसातील दारू बदलल्याने माऱ्याचा वेग वाढला आणि काजळीही साचू लागली. 'या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही', अशी समजूत पसरली होती. सफाईचे साहित्यही अपुरे होते.

चेंबर घासून गुळगुळीत करणे, हा उपाय कुणालाही सुचेल. हत्यारांचे वरवरचे ओरखडे त्याने जातात. परंतु गंजाचे खोल खड्डे घालवायचे, तर चेंबर मापाबाहेर रुंदावतो. मग पुंगळी अधिक फुगते व तडकण्याचा धोका संभवतो. शिवाय उघडे पोलाद पुन्हा गंजतेच.

म्हणूनच १९६७ पासून चेंबरला आणि पुढे संपूर्ण नळीला क्रोमियमचा मुलामा देण्यात आला. हा कठीण थर गंजत नाही आणि पुंगळीही सहज सुटते. जवानांना सफाईचे साहित्य मिळाले. १९६८ मध्ये चित्रकथाकार विल आयस्नर यांनी रेखाटलेली सचित्र पुस्तिकाही देण्यात आली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने १९६७ मध्येच या कारभारावर कठोर ताशेरे ओढले होते.

दोष दूर झाला. परंतु तो ध्यानात येण्यासाठी जवानांना प्राण गमवावे लागले.