पहारेकरीच अपुरे, मग आकाश सुरक्षित कसे?

विमानाचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांतून अजूनही ऐकू येते, ‘ते पैसेवाल्यांचे काम, आपल्याला काय त्याचे?’ आम्हाला हे मान्य नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला उतरणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जणांचा बळी गेला. त्यांत आखाती देशांत राबून घर चालवणारे कितीतरी कष्टकरी होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. २६० मृतांपैकी १९ जण जमिनीवरचे होते. त्यांनी त्या विमानाचे तिकीटही काढले नव्हते. तेव्हा विमानात कोण बसतो हा प्रश्न गौण आहे. माणसाचा जीव सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर टाकली, त्याला ती पार पाडण्यासाठी माणसे, पैसा आणि अधिकार दिले आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची आहे. वैमानिकांना परवाने देणे, विमाने उडण्यास योग्य आहेत की नाहीत हे पाहणे, कंपन्यांची तपासणी करणे आणि नियम मोडणाऱ्यांवर कारवाई करणे, ही त्याची कामे. पण तपासणी कागदावर होत नाही, ती माणूस करतो. संसदेच्या वाहतूक, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात सांगितले की, डीजीसीएच्या १०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ भरलेली आहेत. म्हणजे ५१० खुर्च्या रिकाम्या! विमाने वाढली, विमानतळ वाढले, पहारेकरी मात्र निम्मेच राहिले.

हा धडा आपल्याला पूर्वीच मिळाला होता. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची सुरक्षा श्रेणी खाली आणली. प्रशिक्षित निरीक्षकांची कमतरता हे त्यामागचे एक मोठे कारण होते. नाचक्की झाल्यावर धावपळ झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली. श्रेणी आली, पण पुढे खुर्च्या पुन्हा रिकाम्याच! परदेशाने कान धरला तरच आपले सरकार जागे होणार असेल, तर या देशाच्या नागरिकाच्या जीवाची किंमत ती काय?

आता अधिकाराचे पाहू. स्वायत्त प्राधिकरण आणि त्याचा स्वतंत्र निधी यांची तरतूद असलेले विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आले. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. पुढे २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला वैधानिक दर्जा मिळाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नाव बदलले, पण दोरी मंत्रालयाच्याच हातात राहिली. केंद्र सरकार डीजीसीएला निर्देश देऊ शकते आणि त्याच्या आदेशांचा फेरविचारही करू शकते. अपघातांची चौकशी करणारा विभागही त्याच मंत्रालयाखाली आहे. नियंत्रकाच्या चुकीमुळे अपघात झाला, असे म्हणण्याची वेळ आली तर चौकशी अधिकाऱ्याने कोणाकडे पाहायचे? आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व आम्हा वकिलांना पहिल्याच वर्षी शिकवले जाते.

दुबळ्या नियंत्रकाचे काय होते, ते डिसेंबर २०२५ मध्ये देशाने पाहिले. मंगळूरच्या चौकशीत निष्पन्न झाले होते की, मुख्य वैमानिक त्या प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपलेला होता. म्हणजे वैमानिकाचा थकवा हा प्रवाशाच्या जीवाशी जोडलेला विषय आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम निघाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा आली. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. देशांतर्गत वाहतुकीत साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोने पुरेशी तयारी केली नाही. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकले. मग ५ डिसेंबरला डीजीसीएने काय केले? नियमांतूनच तात्पुरती सूट दिली! पुढे कारवाई झाली, दंडही झाला. पण तयारी होते आहे की नाही हे आधी तपासायला माणसे असती, तर सूट देण्याची वेळ आली नसती.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला. कामगाराची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याचा हक्क आहे, हा त्याचा अर्थ. पण हक्क कायद्यात लिहून भागत नाही. तो राबवणारा निरीक्षक लागतो.

आणि इथेच हा विषय थेट आपल्या दारात येतो. पद भरले जात नाही तेव्हा बिंदुनामावलीही जागच्या जागी थांबते. कायम भरतीऐवजी कंत्राटी नेमणुका आणि कंपन्यांतून आलेली माणसे यांवर काम भागवले जाते. आरक्षण कागदावर जिवंत राहते, जागा मात्र मिळत नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आरक्षण योग्य ठरणार नाही अशा पदांची उदाहरणे देताना वैमानिकांचाही उल्लेख झाला. तेव्हापासून सुरक्षितता आणि गुणवत्ता यांचा जप सुरू आहे. मग निरीक्षकाची खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहते, तेव्हा हा जप करणारे गप्प का? रिकाम्या खुर्चीची गुणवत्ता किती?

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, सर्व मंजूर पदे अनुशेषासह ठरलेल्या मुदतीत, कायम तत्त्वावर भरा. लोकसेवा आयोगामार्फत भरतीला वेळ लागत असेल तर वेगळे भरती मंडळ नेमा, पण आरक्षणाला फाटा देऊ नका. दुसरी, परवाना शुल्क आणि कंपन्यांवरील आकारणीतून स्वतंत्र निधी उभारा. ब्रिटनचे प्राधिकरण प्रामुख्याने अशाच आकारणीवर चालते. निधीचा हिशेब मात्र महालेखापरीक्षकांनी तपासावा. तिसरी, सरकारचा प्रत्येक निर्देश आणि कंपनीला दिलेली प्रत्येक सूट कारणांसह संसदेपुढे ठेवा. चौथी, अपघात चौकशी विभाग मंत्रालयाबाहेर काढा.

केवळ स्वायत्तता पुरेशी नाही, हेही आम्ही जाणतो. अमेरिकेच्या प्रशासनाने प्रमाणीकरणाचे बरेचसे काम बोइंगवरच सोपवले होते. २०१८ आणि २०१९ मधील दोन मॅक्स विमानांच्या अपघातांत ३४६ माणसे गेली. पहारेकरी सरकारचा ताबेदार नको आणि कंपनीचा मिंधाही नको. त्याने फक्त कायद्याला बांधील असावे.

अपघात झाला की मंत्री घटनास्थळी जातात, भरपाई जाहीर होते, समिती नेमली जाते. भरपाई देणे कर्तव्यच आहे. पण संविधानाच्या २१ व्या कलमाने नागरिकाला जगण्याचा हक्क दिला आहे, मेल्यानंतरच्या धनादेशाचा नव्हे. आपल्या खासदाराला प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: त्या ५१० खुर्च्या कधी भरणार?