दहा पाव म्हणजे अडीच किलो

फाटकातून आत आल्या आल्या पहिलीतली एक मुलगी चप्पल रांगेत ठेवते, दप्तर खुंटीला अडकवते आणि थेट खराट्याकडे जाते. खराटा तिच्याहून उंच आहे. आधी आलेल्या दोघांनी अंगणातला कडुनिंबाचा पाला एका कडेला लोटायला घेतलाय. दुसरीतला एक मुलगा तो घमेल्यात भरून कंपोस्टच्या खड्ड्यात नेऊन टाकतो. ताईही झाडताहेत. कुणी कुणाला काम सांगताना दिसत नाही. घंटा अजून व्हायची आहे.

वर्ध्याजवळची ही शाळा. नाव मुद्दाम लिहीत नाही; पाहुण्यांची वर्दळ इथे आधीच पुष्कळ आहे आणि मीही त्यांतलाच एक. डिसेंबर आहे. निम्मी मुलं स्वेटर घालून, निम्मी तो कमरेला बांधून. १९३७च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना देशापुढे आली. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती सेवाग्रामात राबवून दाखवली. मधला मोठा काळ सामसूम होती. २००५पासून सेवाग्रामचं ‘आनंद निकेतन’ तो वारसा पुन्हा चालवतं आहे. मी बसलोय ती शाळा त्याच वाटेवरची.

प्रार्थना लांबते. सगळ्या धर्मांना जागा द्यायची तर लांबणारच. मागच्या रांगेत एकाला जांभई येते, ती शेजारच्याला लागते, तिथून माझ्यापर्यंत पोचते. मग सगळे एकदम उठतात आणि वाफ्यांकडे पळतात.

मेथी, पालक, सांबार (म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर). प्रत्येक वाफ्यापाशी मुलांच्या नावांची पाटी. आज तिसरीची मुलं जीवामृत करणार आहेत. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी रूढ केलेलं हे खत. फळ्यावर मोठ्या ड्रमचं प्रमाण लिहिलंय: पाणी २०० लिटर, शेण १० किलो, गोमूत्र १० लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो, बांधावरची मूठभर माती. ड्रमऐवजी मुलांपुढे वीस लिटरची बादली आहे. आता काय करायचं, एवढंच ताई विचारतात आणि पायरीवर बसतात.

“वीस दहादा घेतले की दोनशे. मंग सगळ्याचा दहावा भाग,” एक मुलगी म्हणते.

शेण एक किलो, गोमूत्र एक लिटर, हे पटकन होतं. शेणात हात घालायला चौघे एकदम धावतात. गाडी अडते ती गुळापाशी. दोन किलोचे दहा भाग कसे करायचे? किराणा दुकानदाराचा मुलगा पुढे सरसावतो. “पाव-पाव किलो करा. माह्या बाबाच्या दुकानात पावच मागते सगळे.”

“दहा पाव म्हणजे अडीच किलो होते बे,” ती मुलगी म्हणते.

तो बोटांवर मोजतो. चार पावांचा एक, आठ पावांचे दोन. “आठातच संपते,” तो कबूल करतो. “मंग पावापेक्षा कमी.”

“किती कमी?” ताई.

इथे बराच वेळ कुणी बोलत नाही. ताईसुद्धा नाहीत. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसतं आणि त्या ते गिळतात. एवढ्या वेळात मी तीनदा सांगून मोकळा झालो असतो, आणि मुलांनी तीनदा मान डोलावली असती.

शेवटी कुणीतरी वजनांची पेटी उघडतं. पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास. दोनशेचं वजन हातात घेऊन दुकानदाराचा मुलगा काडीने मातीत गुणाकार मांडतो. दोनशे गुणिले दहा, बरोबर दोनशे. ताई नुसत्या त्या आकड्याकडे बघत राहतात. तोही बघतो, कान खाजवतो आणि एक शून्य वाढवतो. दोन हजार ग्रॅम, म्हणजे दोन किलो. जमलं!

मग तराजू. गुळाचं पारडं खाली जातं, खड्याचा कोपरा मोडला जातो आणि मोडलेला कोपरा हिशेबात न येता कुणाच्या तरी तोंडात जातो. “जास्त टाकला तं काय होते?” एकीला शंका. “मुंगळे येतीन,” दुसरा खात्रीने सांगतो. बेसनाचं उत्तर मात्र आता कुणाला शोधावं लागत नाही. भागाकाराचं पान आजच्या तासात उघडलेलं नाही, पण भागाकार झाला आहे. आणि तो चुकला असता तर बादलीतही चुकला असता.

तिकडे पहिलीची मुलं खताच्या ढिगात सापडलेलं गांडूळ पाहून आली आहेत आणि त्याचं चित्र काढताहेत. चित्राखाली नाव हवंच. एक मुलगी लिहिते, ‘गाडूळ’. दुसऱ्या ताई जसं लिहिलंय तसंच मोठ्याने वाचतात, ‘गाडूळ’. मुलगी हसत सुटते, वही ओढून घेते आणि टिंब देते. इतकं जोरात, की कागदाला भोक पडतं.

जेवणाआधी मेथी निवडायला मुलगे-मुली एकत्र बसतात. काड्या जास्त, पानं कमी, असं एकाचं काम चाललंय. स्वयंपाकघरातल्या मावशी त्याच्यासमोरचा ढीग न बोलता पुन्हा चिवडतात. वाढायचं काम मुलांचंच. खिचडी, मेथीची भाजी, टाकलेलं काहीही नाही. ताटं ज्याची त्याने घासायची.

दुपारी टकळी. तिच्याबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. वेचलेल्या कापसातून सरकी काढताना मुलं गप्पांत रंगलेली असतात, ते छान चालतं. पण पेळू हाती आला की आठ वर्षांच्या बोटांतून सूत सारखं तुटतं, आणि खिडकीशी बसलेली मुलगी सरळ बाहेर बघत बसते. कापसाच्या मुलखात सूत कातणं मुलांना माहीत हवं, हे मान्य. तरी रोजच्या तासात ते परंपरेच्या धाकाने टिकलंय की मुलांच्या ओढीने, असं ताईंना विचारतो. “आमच्यातही यावर वाद आहे,” त्या म्हणतात. हे उत्तर मला आवडतं.

दिवसाच्या शेवटी सभा. दुसरीतल्या मुलाची तक्रार: “हा मले झारी देतच नाही!” आरोपीचं म्हणणं असं की त्याच्या वाफ्यातली माती लवकर सुकते. सभा दोघांचे वाफे बघायला उठते. सुकलेली माती खरी निघते. ठरतं असं, की सुक्या वाफ्यावर आधी गवताचं आच्छादन आणि झारी पाळीपाळीने. तक्रारदार अर्धाच समाधानी आहे.

शाळा सुटताना दुकानदाराच्या मुलाची आई फाटकाशी ताईंना गाठते. “याचा चुलतभाऊ इंग्रजी शाळेत तीसपर्यंत पाढे म्हणते. आमचा कुठवर आला?” ताई वाद घालत नाहीत. एक जाडी वही उघडून त्याचं पान तिच्यापुढे धरतात. पाव-अर्धा-पाऊण तोंडी पक्कं. लिहिताना शून्य सोडतो. चूक दिसली की स्वतः सुधारतो. बारापुढचे पाढे कच्चे. आई सावकाश वाचते. “शून्य सोडतेच हा, घरी बी,” ती म्हणते. पाढ्यांचं काय ते विचारायला पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार, हेही सांगून जाते.

मुलं गेल्यावर ताई तासभर ती वही लिहीत बसतात. त्यांच्याकडे चोवीस मुलं आहेत, म्हणून हे जमतं. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणात ‘समग्र प्रगती पत्रक’ आलं आहे. पण गावोगावच्या दोनशिक्षकी शाळांत दोघांनी चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, वर ऑनलाइन माहिती भरायची. ‘समग्र’ असा मथळा घातलेलं पुढचं परिपत्रक काढण्याआधी अधिकाऱ्यांनी त्या शिक्षकांना वही लिहायला हा एक तास मोकळा करून द्यावा.